न वापरता झिजणारे हाड

विळा वापरला की झिजतो, चप्पल वापरली की झिजते, जात्याची तळी वापरून वापरून गुळगुळीत होते. हाडाचा हिशेब मात्र उलटा आहे. ते वापरले तर टिकते आणि बाजूला ठेवले तर झिजते. ही झीज सुरू व्हायला वर्षे लागत नाहीत, काही आठवडे पुरतात.

सहा-आठ आठवड्यांनी प्लास्टर कापले की आत बारीक झालेला, कोरड्या कातडीचा, बोटे न मिटणारा हात दिसतो. घरची माणसे म्हणतात, 'मांस उतरलं.' ते खरेच असते. पण एक्स-रेवर आणखी एक गोष्ट दिसते. मोडलेली जागा सांधलेली असते आणि तिच्या अवतीभोवतीचे, कधीही न मोडलेले हाड फिकट, जाळीदार दिसू लागलेले असते. डॉक्टर सांगतात, 'हाड जुळलंय, पण जरा विरळ झालंय. आता हात वापरायला लागा.' या वाक्याचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुसरा भाग दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मागे पडतो.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत तो मागे पडणे जास्त महाग पडते. इथले जगणे हाडांवर चालते. जून-जुलैत गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी, उन्हाळ्यात राबासाठी झाडावर चढून फांद्या तोडणे, डोक्यावर लाकडाची मोळी, कमरेवर आणि डोक्यावर पाण्याचे हंडे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही जुनीच गोष्ट. पावसाळ्यानंतर अनेक ठाकूर आणि कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथेही काम हातापायांचेच.

अशा ठिकाणी मे महिन्यात झाडावरून पडून मनगट मोडले, तर लावणी गेली. घोटा मोडला, तर वर्ष गेले. साधे मोड शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात हाताळता येतात. गुंतागुंतीचे असतील तर उल्हासनगर, कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबई गाठावी लागते. शहापूरकडच्या माणसाला निदान कसाऱ्याची लोकल तरी आहे. मुरबाडला आजही रेल्वे नाही. टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून 'आठवड्यातून दोनदा व्यायामाला या' हे सांगणे म्हणजे प्रत्येक खेपेला दोन माणसांची मजुरी बुडवा, असे सांगणे असते. मग हात गळ्यात अडकवलेलाच राहतो. प्लास्टर निघते, पण विश्रांती संपत नाही. हाडाचे खरे नुकसान बहुधा या दुसऱ्या, कुणीही न सांगितलेल्या विश्रांतीत होते.

दगड आणि दोरी

हाड म्हणजे शरीरातला दगड, असे आपल्याला वाटते. स्वयंपाकघरात करता येणारा एक प्रयोग हा समज मोडतो. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर त्यातला कॅल्शियमचा भाग विरघळतो आणि उरते ते रबरासारखे वाकणारे, चिवट हाड. उलट तेच हाड निखाऱ्यावर पूर्ण जाळले, तर आकार राहतो पण बोटाने दाबताच भुगा होतो. पहिल्यात दगड गेला आणि दोरी उरली, दुसऱ्यात दोरी जळाली आणि दगड उरला. दोरी म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. दगड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा आणि बाकीचा मुख्यतः कोलॅजेन आणि पाण्याचा. कुडाच्या भिंतीत कारव्या आणि शेणमाती मिळून जे काम करतात, तेच हे दोघे करतात.

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. प्रौढ माणसात ते साधारण एक किलो भरते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो आणि हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे त्याच्यावर अवलंबून असते. त्यामुळे हाड हा केवळ सांगाडा नाही, कणगीही आहे. गरज पडली की तिच्यातून काढले जाते, सुबत्ता असली की भरले जाते.

काढणारे आणि भरणारे वेगवेगळे आहेत. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून आम्ल सोडतात आणि तिथे खड्डा पाडतात. त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येतात, आधी कोलॅजेनची दोरी विणतात, मग तिच्यात खनिजे बसतात. खड्डा पडायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गमावणे झटपट आणि कमावणे सावकाश, हे हाडाच्या बांधणीतच आहे.

पण कुठे खणायचे आणि कुठे भरायचे, हे ठरवते कोण? बराच काळ याचे उत्तर हाती नव्हते. बर्लिनचे शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२मध्ये मांडले, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली घडण बदलते. निरीक्षण बरोबर होते, यंत्रणा कळायला पुढची शंभर वर्षे गेली. आज माहीत आहे ते असे : हाडाच्या आत, खनिजांत गाडल्यासारख्या, ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच. त्यांचे बारीक धागे सूक्ष्म नळ्यांतून एकमेकींना जोडलेले असतात आणि नळ्यांत द्रव असतो. आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड डोळ्यांना न दिसेल इतके वाकते, द्रव हलतो आणि पेशींना कळते, की इथे काम चालू आहे. द्रव हलायचा थांबला, की याच पेशी स्क्लेरोस्टिन हे प्रथिन जास्त प्रमाणात सोडतात. त्याचा अर्थ 'भरणे थांबवा'. खणणाऱ्या पेशींना बोलावणे धाडण्यातही त्यांचा हात असतो. अमेरिकी शल्यचिकित्सक हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी या साऱ्याला घरातल्या तापमान-नियंत्रकाची उपमा दिली. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतला फुगा जास्त ओळखीचा. पातळी खाली गेली की पाणी सुरू, वर आली की बंद.

यात एक दिलासा देणारी बाब आहे. १९८०च्या दशकात क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनयन यांनी पक्ष्यांच्या पंखातल्या एका हाडावरचा नेहमीचा भार काढून घेतला आणि यंत्राने मोजका भार देऊन पाहिले. दिवसाला फक्त चार वेळा भार दिला तरी झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड वाढले. त्यापुढे शेकडो वेळा दिल्याने फारसे जास्त मिळाले नाही. भार मात्र चढता-उतरता हवा होता. नुसता दाबून ठेवलेला भार हाडाला जाणवत नाही. म्हणजे हाडाला दिवसभराची मजुरी नको असते, दररोजची थोडी, पण खरी हालचाल हवी असते. पक्ष्याच्या पंखावरून माणसाच्या मनगटाचे आकडे काढता येत नाहीत, तरी दिशा तीच आहे.

विरळ, पण मऊ नव्हे

न वापरलेल्या अवयवातल्या हाडाचे नेमके काय होते? पहिला बदल संख्येचा. हाडाच्या टोकांना, सांध्यांजवळ, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्या काड्या बारीक होतात, काही तुटतात आणि तुटलेली काडी पुन्हा जोडली जात नाही. कारण नवे हाड जुन्या हाडाच्या पृष्ठभागावरच रचले जाते. जिथे पृष्ठभागच उरला नाही, तिथे गवंडी काम कुठे करणार? मग मधल्या नळीची भिंत आतून पोखरली जाते आणि तिच्यात छिद्रे वाढतात. बाहेरून हाड तेवढेच जाड दिसते. रिकाम्या झालेल्या जागेत चरबी भरते, मज्जा पिवळी होते.

उरलेल्या हाडात दगड आणि दोरीचे प्रमाण मात्र बहुतांशी पूर्वीसारखेच राहते. लोक 'हाड मऊ झालं' म्हणतात, तो वेगळा आजार. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत दोरी विणली जाते पण तिच्यात खनिज पुरेसे बसत नाही, हाड खरोखर मऊ पडते, मुलांचे पाय वाकतात. न वापरलेल्या हाडात माल चांगला असतो, फक्त कमी असतो. हा भेद पुस्तकी नाही. मऊ हाडाला ड जीवनसत्त्व दिले की ते सुधारते. विरळ झालेल्या हाडाला नुसत्या गोळीने उभारी येत नाही, कारण त्याला तुटवडा कॅल्शियमचा नसून भाराचा असतो. पलंगाला खिळलेल्या माणसाच्या हाडातून सुटलेले कॅल्शियम आधीच रक्तात आणि लघवीत उतरत असते. त्यात आपल्या मनाने वरून गोळ्यांची भर घातली तर मूतखड्याचा धोका वाढू शकतो. नाचणी खावी, तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सुकट खावी, पावसाळ्यातले खेकडे खावेत. पण भाकरी खाऊन हात झोळीत ठेवला, तर भाकरीतले कॅल्शियम त्या हाडापर्यंत पोहोचून तिथे टिकणार नाही.

झीज किती होते, याचे नेमके आकडे निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम झोपवून मिळवलेले आहेत. अमेरिकेत १७ आठवडे पलंगावर पडून राहिलेल्या स्वयंसेवकांच्या टाचेच्या हाडातली सुमारे दहा टक्के खनिजे गेली, मांडीच्या हाडाच्या मानेतली आणि कंबरेच्या मणक्यांतली साधारण चार-चार टक्के. टाच सर्वाधिक का? कारण ती रोज सर्वाधिक भार झेलते. ज्याला कामाची सवय जास्त, त्याला बेकारी जास्त बाधते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. पाळी थांबलेल्या स्त्रीत जेवढी घट वर्षभरात होते, तेवढी त्यांच्यात एका महिन्यात होऊ शकते. त्यांना परत आल्यावर फिजिओथेरपिस्ट, यंत्रे आणि पगारी रजा मिळते.

नुसत्या विश्रांतीपेक्षा लकवा अधिक घातक. हाडावर सर्वांत मोठा भार शरीराच्या वजनाचा नसतो, स्नायूंच्या ओढीचा असतो. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय लुळे पडले, तर गुडघ्याजवळच्या जाळीदार हाडातला निम्म्याच्या आसपासचा भाग काही वर्षांत जाऊ शकतो आणि झीज सर्वांत वेगाने पहिल्या एक-दोन वर्षांत होते. मग पलंगावरून चाकाच्या खुर्चीवर बसताना पाय मुडपला, तेवढ्यानेही मांडीचे हाड मोडते.

या दोन तालुक्यांत, जसे सगळ्या महाराष्ट्रात, पोलिओने एक पाय बारीक राहिलेली माणसे आता तिशी-चाळिशीच्या पुढे आहेत. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हापासून हा विषय संपला, असे सर्वांनी धरले. ज्यांचा पाय राहिला, त्यांचा संपलेला नाही. वाढत्या वयात स्नायूंची ओढ न मिळाल्याने त्यांचे हाड मुळात बारीक आणि आखूड वाढलेले असते. उतारवयात पडण्याचे प्रमाण वाढते आणि मोडते ते बहुधा तेच हाड. मोडल्यावर त्यात सळी किंवा स्क्रू धरत नाहीत, ही शल्यचिकित्सकांची नेहमीची अडचण. अशा माणसाने प्लास्टरमध्ये घालवलेले तीन महिने त्याचा उरलासुरला चालता पाय हिरावून घेऊ शकतात. कॅलिपर लावून का होईना, लवकर उभे करणे हाच त्यावर इलाज. बऱ्याच कॅलिपरचे मात्र पट्टे कधीच तुटलेले असतात.

दुखत नाही, म्हणून

या साऱ्याची सर्वांत गुंतागुंतीची कहाणी कुष्ठरोगाची आहे. आणि ती ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला परकी नाही. राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही निर्मूलनाची रेषा भारताने डिसेंबर २००५मध्ये ओलांडली. पण सरासरी देशाची असते, पाड्याची नसते. ठाणे आणि पालघरच्या आदिवासी पट्ट्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी शोध घेतात तेव्हा नवे रुग्ण आजही सापडतात. मुंबईला या रोगाची ओळख जुनी. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९०चे. ज्या पालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्यांनीच शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापले होते. अलीकडच्या काळात डॉ. आर. गणपती यांनी १९७६मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने मुंबईच्या वस्त्यांत आणि ठाण्याच्या ग्रामीण भागातही काम केले. त्यात औषधांच्या बरोबरीने विकृती टाळण्यावर भर होता.

कुष्ठरोगाचा जंतू हाडांवर नव्हे, मुख्यतः कातडी आणि नसांवर हल्ला करतो. त्याला थंड जागा आवडते, म्हणून कातडीलगतच्या नसा आधी सापडतात. कोपराच्या मागची, मनगटाची, गुडघ्याच्या बाजूची, घोट्याच्या आतली. कोपराची नस गेली की हाताच्या पंजातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि करंगळी-अनामिका आकड्यासारखी वाकते. त्याच नसेबरोबर संवेदनाही जाते. आता हाडावर दोन्ही बाजूंनी संकट येते. लुळ्या स्नायूंची ओढ थांबते, म्हणून बोटांची हाडे विरळ होतात. आणि दुखणे कळत नाही, म्हणून उरलेले हाड इजा सोसत राहते. चुलीवरचा टोप फडक्याशिवाय उचलला जातो. राब भाजताना पाय निखाऱ्यावर पडतो. कापलेल्या भाताचे धसकट तळव्यात घुसते आणि माणूस संध्याकाळी रक्त पाहून विचारात पडतो. जखम चिघळते, पू हाडापर्यंत जातो, बोटाचे टोक आखडत जाते. एक्स-रेवर अशी हाडे टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती दिसतात. पुरुषांत हा रोग अंडकोषांनाही बाधा करतो, तेव्हा संप्रेरक घटते आणि अंगभरची हाडे पातळ होतात, ते आणखी वेगळे.

हाडे हे सारे लक्षात ठेवतात. डेन्मार्कचे डॉक्टर विल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सन यांनी १९४८पासून नेस्टवेड इथले मध्ययुगीन कुष्ठरोग्यांचे दफनस्थान खणले आणि शेकडो सांगाड्यांवरून या रोगाने हाडांत होणारे बदल ओळखायची पद्धत बसवली. तिचा उपयोग आपल्याकडेही झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या राजस्थानातल्या बालाथल इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, मध्यम वयाच्या पुरुषाचा एक सांगाडा मिळाला. ग्वेन रॉबिन्स आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी २००९मध्ये त्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे प्रसिद्ध केले. कुष्ठरोगाचा हा जगातल्या सर्वांत जुन्या हाडांच्या पुराव्यांपैकी एक आहे. तो माणूस दगडी कुंपणात, शेणाच्या राखेत पुरलेला होता.

बोटे रोगाने 'गळतात', हा समज मोडला तो वेल्लोरला. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकेका रुग्णाच्या एकेका जखमेचा माग काढून त्यांनी दाखवले, की बोटे जातात ती इजेने, जंतूने नव्हे. ज्याला दुखत नाही तो स्वतःला वाचवू शकत नाही. त्यांनी बोटे सरळ करण्यासाठी चांगल्या स्नायूची दोरी लुळ्या बोटाकडे वळवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आणि तळव्याच्या जखमांसाठी पायाला घट्ट बसणारे प्लास्टर वापरले. जखमेला विश्रांती मिळाली की ती भरते, हे खरे ठरले.

इथेच न वापरलेल्या हाडाने आपला हिशेब मागितला. सहा-आठ आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायातली हाडे विरळ होतात, हे कुणाच्याही बाबतीत घडते. पण शाबूत नसा असलेला माणूस प्लास्टर निघाल्यावर लंगडतो. पाय दुखतो म्हणून जपून टाकतो आणि त्या लंगडण्याच्या आठवड्यांत हाड सावकाश पुन्हा भरते. कुष्ठरोगात संवेदना गेलेला माणूस प्लास्टर निघाले त्याच दिवशी बसस्टँडपासून पाड्यापर्यंत चार किलोमीटर चालत जातो. विरळ झालेली टाचेची आणि पावलाच्या मधली हाडे त्या चालण्याने चिरडू लागतात, त्याला कळत नाही. हॅरिस आणि ब्रँड यांनी १९६६मध्ये बधिर पावलातली हाडे कोणत्या क्रमाने कोसळतात, याचे तपशीलवार वर्णन केले. वर्षभरात पाऊल चपटे, बोटीच्या तळासारखे बाहेर आलेले होते. बहुतेकदा तोवर मूळ जखम कधीच भरलेली असते.

त्यातून निघालेला उपाय साधा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी मोजकी पावले, मग पाय वर ठेवून विश्रांती. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. दोन्ही वेळा दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर हाताच्या पंजाची मागची बाजू ठेवून उष्णता पडताळायची. हाताला संवेदना नसेल, तर घरातल्या दुसऱ्याने. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागले आणि रात्रभरच्या विश्रांतीनंतरही गरमच राहिले, तर आत हाड सोसत नाही असे समजायचे आणि चालणे पुन्हा कमी करायचे. जे काम वेदना करायची, ते आता हाताला करावे लागते. यात अडचण वैद्यकीय नाही. लावणीच्या दिवसांत ज्याचा पाय दुखत नाही, त्याने घरी बसावे, हे घरातल्यांना पटवणे कठीण जाते.

हाताची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त बोचरी. पायाला चालावेच लागते, हात लपवता येतो. कुष्ठरोगाने वाकलेला हात पदरात किंवा खिशात राहतो. जेवण, कामे, हिशेब सारे दुसऱ्या हाताने. नस अर्धीच गेलेली असते, कोपरापासून बोटे मिटणारे मोठे स्नायू बरेचदा शाबूत असतात, तरीही हात बेकार होतो. लोक काय म्हणतील या भीतीने आलेली बेकारी हाडाला लकव्यासारखीच कळते. त्याला कारण विचारता येत नाही. काही महिन्यांत सांधे आखडतात आणि बोटे ताणूनही सरळ होत नाहीत. शस्त्रक्रियेने वळवलेला स्नायू अशा आखडलेल्या बोटाला हलवू शकत नाही, म्हणून शल्यचिकित्सक आधी सांधे मोकळे करून मागतात. लपवलेल्या हाताची शस्त्रक्रियेची संधीही अशी निघून जाते.

म्हणून रोज वीसएक मिनिटे हात साध्या पाण्यात बुडवून ठेवणे, वरवर पुसून तेल लावणे आणि मांडीवर पंजा ठेवून दुसऱ्या हाताने बोटे हळूहळू सरळ करणे, हा घरचा पाठ रुग्णांना शिकवला जातो. पायासाठी मऊ रबराच्या तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल दिली जाते. पट्टा यासाठी, की बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. विळ्याची, कोयत्याची, पळीची मूठ कापड किंवा रबराची नळी गुंडाळून जाड केली, तर अशक्त पंजाला ती कमी जोर लावून धरता येते आणि एकाच ठिकाणी दाब पडत नाही. हात कामात राहतो, हाड भारात राहते आणि कातडी सोलवटत नाही.

साध्या फ्रॅक्चरच्या माणसालाही यातले बरेच लागू पडते. मनगटाचे प्लास्टर असेल तर बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहायचे. हात सूज उतरेपर्यंत उंच ठेवायचा, पण दोन महिने झोळीत नाही. पायाला प्लास्टर असेल तर आतल्या आत मांडीचा स्नायू आवळून सोडायचा, दिवसातून अनेकदा. वजन कधी टाकायचे ते मात्र डॉक्टरलाच विचारायचे. मुलांचे हाड लवकर भरून येते. मोठ्यांत काही वेळा वर्ष उलटूनही आधीची घनता पूर्ण परत येत नाही आणि साठीच्या पुढे तर प्रत्येक आठवडा मोजावा. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्याला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी उभे करायची घाई डॉक्टर करतात, ती छळ म्हणून नव्हे. हाडवैद्याकडे जाणारेही पुष्कळ आहेत. बांबूच्या कामट्या आणि कांडवेलीचा लेप यांवर इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. पट्टी बांधल्यावर बोटे निळी-काळी पडली, बधिर झाली किंवा बोटे ताणताना असह्य कळ आली, तर ती त्याच तासाला सोडून दवाखाना गाठायला हवा. रक्त अडून मेलेला स्नायू नंतर कोणत्याही व्यायामाने परत येत नाही आणि त्याच्या हाडाला पुन्हा कधी ओढ मिळत नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हाडापर्यंत गोष्ट जाऊच नये, यासाठीची तपासणी एका बॉलपेनने होते. माणसाने डोळे मिटायचे, तपासणाऱ्याने पेनाचे टोक तळहातावर आणि तळपायावर ठरावीक ठिकाणी अलगद टेकवायचे आणि माणसाने ती जागा बोटाने दाखवायची. जिथे बोट चुकते किंवा उठतच नाही, तिथली नस धोक्यात आहे. सहा महिन्यांच्या आतला बधिरपणा किंवा अशक्तपणा वेळेवर औषध मिळाल्यास परत फिरू शकतो. अंगावरचा न खाजणारा, न दुखणारा, फिकट किंवा लालसर बधिर चट्टा ही त्याच्याही आधीची खूण. रोगाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात.